तिने आम्हाला ब्रंचला नेलं तो रविवार

आमचा मुलगा गेला तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. न्हावा शेव्याला एका ऑफिसात तो नोकरीला होता. एका सकाळी मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि वाटेत ट्रेलरखाली आला. त्याबद्दल मी इथे अधिक लिहिणार नाही. लिहायचंय ते त्या मुलीबद्दल, जिच्याशी त्याचं लग्न व्हायचं होतं.

ती उलव्याला आईवडिलांकडे राहायची. तेरावं झालं, नातेवाईक आपापल्या गावी गेले, आणि त्यानंतरच्या रविवारी ती दारात उभी. म्हणाली, "इकडून चालले होते काकू, म्हटलं डोकावून जावं." उलव्याचं माणूस आमच्या खांदा कॉलनीत उगाच 'इकडून' कशाला जाईल? पण मी तिला आत बोलावलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. ह्यांच्यासोबत पेपरातलं शब्दकोडं सोडवायची, माझ्याबरोबर भाजी निवडायची, जेवायची आणि उन्हं उतरली की निघायची. मुलाचा विषय आम्ही मुद्दाम काढत नसू. पण एखाद वेळी ती विचारायची, "ही आमटी त्याला आवडली असती?" मी म्हणायचे, "आधी नावं ठेवली असती, मग दोन वाट्या भुरकल्या असत्या." आम्ही तिघं हसायचो. आमच्या घरात आठवड्याभरात तेवढंच हसणं व्हायचं.

काही वर्षं अशी गेली. मग थंडीच्या दिवसांत तिचा फोन आला. "काकू, या रविवारी स्वयंपाक करायचा नाही. मी तुम्हाला दोघांना ब्रंचला नेणार आहे."

"ब्रंच म्हणजे नक्की काय?" ह्यांनी विचारलं.

"नाश्ता आणि जेवण एकत्र."

"मग घरून खाऊन निघायचं की उपाशी?"

शेवटी हे पोहे खाऊनच निघाले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मीही ठेवणीतली साडी नेसले.

ते बिस्ट्रो नवीन पनवेलमध्येच होतं. आम्ही त्याच्यासमोरून कितीदा तरी गेलो असू, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. ती आधीच येऊन बसली होती. खिडकीजवळचं चार खुर्च्यांचं टेबल. चौथ्या खुर्चीवर मी पर्स ठेवली, तर म्हणाली, "काकू, पर्स माझ्याकडे द्या. तिथे नंतर कोणीतरी येणार आहे." कोण, ते तिने सांगितलं नाही.

ऑर्डर तिनेच दिली. ह्यांच्यासमोर पावावर ठेवलेलं अंडं आलं, वर पिवळा सॉस. ह्यांनी काटा लावला आणि आतला बलक ताटलीभर पसरला. "अगं, कच्चं राहिलंय हे," हे कुजबुजले. ती हसायला लागली आणि हसता हसता मध्येच थांबली. डोळे भरून आले होते.

"काका, काकू, एक सांगायचंय. घरीच सांगणार होते. पण तिथे त्याचा फोटो आहे. त्याच्यासमोर मला बोलता आलं नसतं."

मी काटा खाली ठेवला. ती काय सांगणार ते मला कळलं होतं.

"माझं लग्न ठरतंय. माझ्या ऑफिसातलाच आहे. त्याला सगळं माहीत आहे. मी रविवारी कुठे जाते तेही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"आम्हाला काय विचारायचं त्यात?" मी म्हणाले.

"मग कोणाला विचारू?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हेच बोलू लागले. मुलगा मूळचा कुठला, घरी कोण कोण, स्वभाव तापट नाही ना. मुलीचा बाप विचारतो तसं एकेक विचारत होते. तीही शहाण्या मुलीसारखी उत्तरं देत होती. शेवटी हे म्हणाले, "बोलाव त्याला. बाहेर कशाला ताटकळत ठेवलंस?"

तो आला, वाकून नमस्कार केला आणि चौथ्या खुर्चीवर बसला. चेहऱ्यावरून साधा, बोलायला हळू. मी त्याच्यात काहीतरी खोट शोधत होते. सापडली नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काकू, लग्नानंतरही ती रविवारी येत जाईल. माझी काही हरकत नाही. मीच आणून सोडत जाईन."

"नको," मी म्हणाले.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"सणावाराला या दोघं. फोन कर. पण दर रविवारी यायचं नाही आता. रविवार तुमचा तुम्हाला राहू दे."

"काकू, असं का म्हणता?" ती म्हणाली.

"सुखाने संसार कर म्हणून म्हणते."

हे खरंच होतं. पण एक बोलले नाही. ती रविवारी दारात चपला काढायची तेव्हा क्षणभर मला वाटायचं, गाडी लावून मागोमाग आमचा मुलगाही येतोय. आता तिच्या मागून खरोखरच कोणीतरी जिना चढून येणार होतं.

घरी आल्यावर हे शर्टाची बटणं काढता काढता म्हणाले, "मला विचारायचंस तरी. ती माझ्याकडेही येत होती." एवढंच म्हणाले. पुढे कितीतरी दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

लग्न कर्जतला झालं. मी साडी नेसून तयार झाले, पण पायात चप्पल घालवेना. हे एकटेच गेले. संध्याकाळी परतले, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसून राहिले. मी पाणी दिलं.

"मुलीकडच्यांत बसवलं मला, तिच्या वडिलांच्या शेजारी," म्हणाले. "मुलगा चांगला आहे गं."

"आणि ती?"

"तुला शोधत होती."

तिचा फोन येतो. दिवाळीला दोघं येऊन गेले, तिच्या आवडीचा फराळ मी बांधून दिला. रविवारी मात्र ती येत नाही. माझा शब्द तिने पाळला आहे. हे पेपर उघडतात, शब्दकोड्याचं पान न वाचताच घडी घालतात, आणि मी दोघांपुरता कुकर लावते.