चिंधी बांधलेला अंगठा

उजव्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली म्हातारी दिसली, तर तुम्हाला काय वाटेल? कापलं असेल, भाजलं असेल. मलाही तसंच वाटलं. ती दळण घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "आजी, काय लागलं?"

"लागू न्हाई म्हनून बांधलंय, भाऊ. आंगठा हाय तवर दाना हाय."

माझी पिठाची गिरणी पाथर्डीकडच्या एका गावात, रेशन दुकानाच्या समोरच. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जातं. तिचा मुलगा आणि सूनही जायची. नात शाळेपायी आजीजवळ राहायची. रेशनच्या मशीनने अंगठा ओळखला तरच गहू-तांदूळ. नातीचं आधार तान्हेपणी काढलेलं, त्यावर तिचा अंगठा अजून चढलेला नव्हता. म्हणजे उरली म्हातारी.

जन्मभर कोयता चालवून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या. या एका अंगठ्यावर थोड्या शिल्लक होत्या. भांडी ती चार बोटांनी घासायची, भाकरी थापताना अंगठा वर धरायची. मी चिडवायचो, "आजी, नवरी मेंदीला एवढं जपत नाही."

ती खळखळून हसायची. "तुमी हसा! धान्य फुकट हाय म्हनत्यात. माझा अख्खा हात गेलाय त्याच्यापायी."

गेल्या हिवाळ्यात मशीन अडून बसायला लागलं. आधी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्यायचं, मग अंगठ्याला तेल लावून पुसल्यावर. गिरणीच्या दारातून मला सगळं दिसायचं. ती चिंधी सोडायची, अंगठ्यावर फुंकर घालायची, टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. तेवढा वेळ मीही गिरणी बंद ठेवायचो. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची.

एका दुपारी मशीनने तिला ओळखलंच नाही. दुकानदार तसा भला माणूस. म्हणाला, "पोराच्या मोबाईलवर नंबर येईल, तो सांगा." पोराचा मोबाईल उसाच्या फडात बंद. ती नातीला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर जाऊन आली. तुमच्या रेषा उमटत नाहीत म्हणाले, आणि पोरीचा अंगठा चढवायचा तर आई-बाप समोर हवेत. मी पीठ दिलं. एकदा घेतलं. पुढच्या वेळी डबा मागे सारून म्हणाली, "रोज कोन देनार, भाऊ?"

मग कारखान्याकडे निघालेल्या एका टेम्पोत तिने नातीला बसवलं. तिथे आई-बापाजवळ पोटाला तरी मिळेल. पोरीच्या पाठीवर दप्तर होतं. ते कशाला घेतलंस, असं तिला कुणीच विचारलं नाही.

टेम्पो सुरू झाला तशी म्हातारी घाईने पुढे झाली. स्वतःच्या अंगठ्याची चिंधी सोडून तिने पोरीच्या अंगठ्याला गुंडाळली, दातांनी गाठ ओढली.

"कोयत्याला हात लावू नको. लावायलाच लागला, तर ही सोडू नको. आता तुझ्याच आंगठ्यावर खायचंय समद्यांना."

टेम्पो वळेपर्यंत पोरीने तो अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा, वर धरून ठेवला होता. अगदी आजीसारखा.

म्हातारी त्यानंतर गिरणीत दळण घेऊन आली नाही.