खऱ्या मापाची पट्टी

गेल्या महिन्यात नातीसाठी लॅपटॉप घ्यायला सगळं घर दुकानात गेलं. ती संगणकशास्त्र शिकते. आपल्याला काय हवंय ते तिला नीट माहीत होतं, कागदावर लिहूनही आणलं होतं. तो कागद तिच्या हातातच राहिला. माझ्या मुलाने एकेक लॅपटॉप उचलून वजन पाहिलं, जावयाने झाकण चारदा उघडून मिटून बिजागऱ्या तपासल्या, आणि दोघांनी मिळून ठरवलं की हा मजबूत दिसतो, हाच घ्यायचा. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही तेच निवडत होते. मी मोठ्यांदा म्हणालो, "तिला विचारा आधी." एवढं ओरडण्यासारखं काय झालं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. झालं होतं, पण ते साठ वर्षांपूर्वी, खामगावात.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या बीबी गावातून त्या शिक्षणाला गेलेला मी पहिलाच. आमचं घर भाजीवाल्यांचं. विहिरीवर वांगी, मिरची, कांदा, आणि कोरडवाहूत कापूस. कॉलेजात गेलो तर वर्गात प्रत्येकाच्या खिशात स्लाइड रूल. आजच्या मुलांना सांगावं लागतं: आकडे कोरलेली एक पट्टी, तिच्या मधोमध दुसरी सरकणारी पट्टी, वरून काचेचा एक चौकोन. पट्टी सरकवली की गुणाकार, भागाकार, वर्गमूळ चुटकीसरशी. आमच्या काळचा खिशात मावणारा संगणकच तो. माझ्याकडे नव्हता. मी लॉगटेबलचं पुस्तक चाळत बसायचो, आणि माझं एक उदाहरण होईपर्यंत शेजारच्याची तीन झालेली असायची. खोलीतला मित्र त्याचा रूल सरावाला द्यायचा, पण परीक्षेत त्यालाही तोच पेपर होता. वार्षिक परीक्षेआधी स्वतःचा रूल आला नाही तर मेकॅनिक्सचा पेपर वेळेत पुरा होणार नाही, हे मला उन्हासारखं स्वच्छ दिसत होतं.

दिवाळीत घरी हे सांगितलं. वडील म्हणाले, "घेऊ ना. दादाले इचारतो."

दादा म्हणजे माझे मोठे काका. आमच्या घरात कुठलीही वस्तू त्यांनी तपासल्याशिवाय उंबऱ्याच्या आत आली नाही. बैल असो, बियाणं असो, पाण्याची घागर असो. घागरीला ते बोटाने वाजवून पाहायचे आणि कानाला लावायचे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे त्यांना तोंडपाठ. बाजाराच्या दिवशी कुणाचंही वजनावरून वाजलं की माणसं त्यांनाच हाक मारायची. त्याच सुमारास शेर जाऊन किलो आला होता. दलाल म्हणायचे, शेर काय नि किलो काय, जवळपास सारखंच, आणि शेराच्या भावात किलो मोजून घ्यायचे. किलो शेरापेक्षा जड. काकांनी भर बाजारात ते मांडून दाखवलं आणि दलालांना तोंड लपवायला जागा ठेवली नाही. तेव्हापासून 'जवळपास' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढत नसे.

म्हणून ते म्हणाले, "मीच येतो निवडाले." मी चरफडलो. ज्या वस्तूचं नाव त्यांनी कालपर्यंत ऐकलं नव्हतं, ती ते निवडणार. वडलांना तसं म्हणालो तर ते म्हणाले, "त्याहीचं काही चुकत नाही बाप्पा." विषय संपला.

बीबीहून मेहकर, मेहकरहून खामगाव, दोन एसट्या बदलून आम्ही पोचलो. पुस्तकांच्या एका दुकानात स्लाइड रूल होते. दुकानदाराने दोन काढले, एक खिशातला आखूड आणि एक लांब. मला लांबच हवा होता. त्यावरच्या रेघा जास्त बारीक आणि उत्तर जास्त नेमकं. मी ते सांगत होतो, तोवर काकांनी तो हातात घेऊन डोळ्यासमोर धरला, कुठे वाकलाय का पाहिलं, बोटाने वाजवला, आणि मला परत दिला.

"अडीच औट किती?"

औट म्हणजे साडेतीन. मी पट्टी सरकवली आणि वाचलं, "आठ पॉइंट पंचाहत्तर."

"पावणेनऊ. बरोबर." ते खूश झाले. मला वाटलं, जिंकलो. "सतरा सत्ते?"

मी पुन्हा सरकवली. रेघ एक-एक-नऊवर. "एकशे एकोणीस."

"इथं तर एक पॉइंट एकोणीस दिसून राह्यलं."

"त्यात पॉइंट आपणच ठरवायचा असतो, काका. एकशे एकोणीस की अकरा पॉइंट नऊ, ते आपल्याला अंदाजानं कळतं."

"आपल्यालेच कळते, तं मंग ह्यानं काय केलं?" दुकानातले दोन-तीन गिऱ्हाईक आमच्याकडे वळले. काका सावरून बसले. बाजारात दलालासमोर बसत तसेच. "तेवीसले सत्तावीसनं गुण."

मी सरकवली. काच सहाशे वीसच्या रेघेपुढे किंचित सरकून थांबली. पुढची रेघ सहाशे पंचवीसची; मधलं डोळ्याने ताडायचं. मी म्हणालो, "सहाशे वीस... एकवीस असेल."

"असंन?"

"जवळपास एवढंच येतं त्याच्यावर." शब्द निसटला आणि तोंडातून निघता निघताच मला कळलं, मी संपलो.

काकांनी रूल माझ्या हातातून घेतला आणि गल्ल्यावर ठेवला. "सत्तावीस वीसा पाचशे चाळीस, सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी, सहाशे एकवीस. त्याच्यात जवळपास काय हाये बे? काऊन खोटं माप घरात आणतं?" गिऱ्हाइकं हसली. दुकानदारही हसला. मी वडलांकडे पाहिलं. ते रस्त्यावरच्या सायकली पाहत होते. मी सांगायचा प्रयत्न केला की पूल बांधताना एवढा फरक चालतो, सगळे इंजिनिअर हेच वापरतात. "म्हणून पूल पडतेत," काका म्हणाले. कुठला पूल पडला होता ते त्यांनाच ठाऊक.

वर त्यांनी मला रिकाम्या हातानेही येऊ दिलं नाही. पितळी कड लावलेली एक फूटपट्टी निवडली, दुकानातल्या दुसऱ्या पट्टीशी लावून तपासली आणि माझ्या हातात दिली. "हे खरं बोलते. इंच म्हणजे इंच."

फूटपट्टी बसच्या खिडकीतून फेकून द्यावी असं मेहकरपर्यंत वाटत होतं. मला राग आला होता तो त्यांना कळलं नाही म्हणून नव्हता. न कळणं माफ असतं. ज्याला कळतं त्याला चारचौघांत गप्प बसवलं, याचा तो राग होता, आणि आजही तो तसाच आहे.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे पुढचं आपणच रचतात. म्हणतात, परीक्षेत इतरांचा पॉइंट चुकला असेल आणि काकांच्या पाढ्यांनी तुम्ही पहिले आला असाल. असलं काहीही झालं नाही. मी लॉगटेबल चाळत बसलो, शेवटची दोन उदाहरणं कोरी राहिली आणि मेकॅनिक्समध्ये नापास झालो. त्या वेळच्या नियमाने वर्ष गेलं. पॉइंट कुणाचाही चुकला नाही.

मी घरी पोस्टकार्ड टाकलं. पाकीट घेता आलं असतं, पण कुणालाही वाचता यावं म्हणून मुद्दाम कार्ड घेतलं. त्यावर एवढंच लिहिलं: 'नापास झालो. तुमची पट्टी खरी आहे. किती कमी पडलो ते तिच्यानेच मोजा.'

पुढचं वडलांनी सांगितलं. कार्ड बाजाराच्या दिवशी आलं. पोस्टमनने ते तिथेच काकांच्या हातात दिलं, आणि पत्र आलं की मोठ्याने वाचायची त्यांची सवय. वाचता वाचता ते मध्येच थांबले. कुणीतरी तराजू घेऊन पुढे आला होता, त्याला "दुसऱ्याले इचार" म्हणाले आणि उठून घरी गेले. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं झालं असंच वाटलं.

उन्हाळ्यात घरी आलो. तिसऱ्या दिवशी पहाटे काका धोतर-टोपी घालून दारात उभे राहिले. "चाल, खामगावले जाऊ."

तेच दुकान. दुकानदाराने ओळखलं. "काय काकाजी, आज काय इचारता?" म्हणत त्याने लांब रूल पुढे ठेवला. काकांनी तो डोळ्यासमोर धरला नाही, वाजवलाही नाही. नुसते म्हणाले, "बांधून द्या."

मला हे पुरेसं वाटायला हवं होतं, पण माझ्या मनात दिवाळीपासूनचं साचलं होतं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की चुकलं. मी रूल कव्हरमधून काढला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "न तपासता कसा नेता, काका? विचारा ना. तेवीसला सत्तावीसनं गुणू?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "गुण."

मी पट्टी सरकवली. काच वीसच्या किंचित पुढे थांबली. एकवीस मला माहीत होतं, ते पाढ्यांतूनही आणि डोळ्यांनीही. तरी मी मुद्दाम, एकेक अक्षर तोडून म्हणालो, "सहाशे वीस."

दुकानदार हसायच्या तयारीने त्यांच्याकडे वळला. काकांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"हाव," ते म्हणाले. "जवळपास बरोबर हाये. बांधा."

दुकानदाराने बांधून दिलं. एक कमी पडत होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि त्यांनी तो सोडून दिला.