ग्यानबानं वारा सांगितला होता

ग्यानबा भोई गेल्याची बातमी मला धारूरच्या बाजारात कळली. उमापूरकडून बैल विकायला आलेला एक माणूस माझ्याशेजारी तंबाखू मळत उभा होता. बोलता बोलता मी कचेरीतला जुना पेशकार, म्हणजे कागद लिहिणारा कारकून, असल्याचं निघालं, तेव्हा तो म्हणाला, "मंग आमचा ग्यानबा ठावं असंल तुमाला. तुमच्या तळ्यावर व्हता न्हवं का. गेला की त्यो, पंधरा दिस झाले." एवढं सांगून तो गिऱ्हाइकाकडे वळला. मी भाजी न घेताच घरी आलो. एक जण गेला म्हणालो, तेव्हा बायकोनं विचारलं, कोण? मित्र म्हणावं, तर मी त्याच्याशी मित्रासारखा वागलो नाही. ओळखीचा म्हणावं, तर गेली कित्येक वर्षं असा आठवडा गेला नाही की तो मला आठवला नाही... या गोष्टीला आता दीड महिना होत आला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिण्याची रीत आहे. ग्यानबाबद्दल चांगलं लिहायला मला काहीच अडचण नाही. अडचण एवढीच, की ते लिहिताना माझ्याबद्दलचं खरंही लिहावं लागणार.

डोंगराच्या पायथ्याच्या तलावावर तेव्हा जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या एका हौशी तालुकदारसाहेबांनी क्लब काढला होता. शिडाच्या पाच लहान होड्या हैदराबादेहून आल्या. शेवटचा टप्पा त्यांनी बैलगाड्यांवर पालथ्या पडून काढला, आणि कुणाची एवढी मोठी कढई चालली आहे म्हणून वाटेवरच्या गावांतली माणसं बघायला जमली, असं गाडीवान सांगत. सभासद म्हणजे कचेरीतले अंमलदार, दोन-तीन वकील आणि आसपासचे जमीनदार. होडी कशी चालवायची ते त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून गोदाकाठच्या ग्यानबाला आणलं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तर, म्हणजे माणसं नदीपार नेणारी नाव, चालवण्याचं काम. नव्या होडीकडे बघून तो हसला होता. "आमच्या तरीला कवा कवा धोतराचं शीड लावताव आमी. ही जरा नटवी हाय, पर वारा त्योच की," असं म्हणून त्यानं चार दिवस एकट्यानं होडी फिरवली आणि पाचव्या दिवशी आम्हाला शिकवायला उभा राहिला.

मी सभासद नव्हतो, होण्याची ऐपतही नव्हती. पण क्लबाचा पत्रव्यवहार माझ्याकडे होता, म्हणून साहेबांनी मला एका होडीचं सुकाणू धरण्याची मुभा दिली. होडीत दोघं. सुकाणू सभासदाच्या हाती, शिडाचा दोर नोकराच्या. ग्यानबा माझ्या होडीत येई, कारण बाकीच्यांना त्याच्या सूचना ऐकून घेणं जड जाई. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, आधी डावीकडे, मग उजवीकडे असं आडवंतिडवं चढावं लागतं, हे मला त्यानं शिकवलं. पाण्यावर काळसर सुरकुती सरकत आली की झुळूक आली समजायचं, हेही त्यानंच. आणि एक गोष्ट तो रोज सांगे. शिडाचा दोर हातातच ठेवायचा, होडीला बांधायचा नाही. वाऱ्याचा दणका आला की दोर सोडून द्यायचा, शीड फडफडतं, होडी वाचते. "बांधला की मेलाव," म्हणायचा. हे तो इतक्या शांतपणे म्हणे, की मला त्याची भीती कधी वाटली नाही.

पहिल्या वर्षीची शर्यत आम्ही जिंकलो. मी काय केलं म्हणाल, तर तो सांगेल तिकडे सुकाणू वळवलं. चांदीचा पेला माझ्या हाती आला. फोटो काढायला बीडहून माणूस आणला होता. ग्यानबा कमरेइतक्या पाण्यात होडी धरून उभा होता, तो फोटोत येत होता, म्हणून क्लबाचे सेक्रेटरी आबासाहेब त्याला म्हणाले, "जरा बाजूला हो बे." तो होडी सोडून बाजूला झाला. होडी वाऱ्यानं फिरली आणि फोटो बिघडला, तर त्याचाही बोल त्यालाच लागला. मी पेला हातात धरून उभा होतो. त्याला बोलवा, एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते...

दुसऱ्या वर्षीच्या शर्यतीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, फक्त डोंगराच्या कडेवर एक ढग टेकून बसला होता. शर्यत सुटण्याचा बार उडायला अर्धा तास असताना ग्यानबा मला घेऊन आबासाहेबांकडे गेला. तिथं आम्ही तिघंच होतो. तो म्हणाला, "सरकार, त्यो ढग बघा. वारा डोंगरावरनं खाली कोसळंल. आज शिडं उभारू नगा." आबासाहेबांनी मांडवाकडे बोट केलं. तिथं पाहुणे सरबत पीत होते. "एवढी माणसं काय ढग बघायला आलीत?" ते म्हणाले. ग्यानबा पुन्हा बोलला, "मालक, लई जोराचा यील. म्या बघितलाय." आबासाहेब हसून निघून गेले.

त्यांचा भाचा वसंतराव त्या वर्षी नवाच सभासद झाला होता. चोवीस वर्षांचा, चार महिन्यांपूर्वी लग्न झालेला, मोकळ्या मनाचा तरुण. त्यानं सोबत नोकर घेतला नाही, मी एकटाच जिंकून दाखवतो म्हणाला. पहिल्या निशाणापर्यंत तो आमच्या पुढे होता. त्याचा दोर होडीच्या कडीला बांधलेला आहे हे ग्यानबाला दिसलं आणि तो ओरडू लागला, "दोर सोडा, धनी, दोर सोडा." वसंतरावानं हात हलवला. त्याला वाटलं, आम्ही मागे पडलो म्हणून ग्यानबा ओरडतो आहे. तेवढ्यात डोंगराकडून पाणी काळं होत आलं. ग्यानबानं आमचा दोर सोडला, आमचं शीड फडफडलं. पुढची होडी मात्र एका दणक्यात पालथी झाली आणि वसंतराव शिडाखाली सापडला. ग्यानबानं उडी घेतली. मी सुकाणूला मिठी मारून बसलो होतो. त्यानं शीड फाडून त्याला बाहेर काढलं, काठावर आणलं, पालथं घालून पाणी काढलं. ग्यानबाची नखं शिडाच्या कापडानं सोलून निघाली होती. वसंतराव उठला नाही.

तिसऱ्या दिवशी कचेरीत जबाब झाले. लिहिणारा मी. आदल्या संध्याकाळी आबासाहेबांचा माणूस येऊन एवढंच सांगून गेला होता, की घरात आधीच दुःख आहे, त्यात मालकांचं नाव नको. वरच्या अंमलदारांनीही तेच सुचवलं. मला कुणी धमकावलं नाही. धमकावलं असतं तर आज सांगायला काही तरी असतं. ग्यानबा समोर बसून मराठीत सगळं बोलला, ढगाचं, दोनदा सांगितल्याचं, बांधलेल्या दोराचं. कचेरीची भाषा उर्दू, म्हणून मी उर्दूत लिहीत गेलो. कागदावर उतरलं ते असं, की होड्यांची जबाबदारी त्याची होती, वाऱ्याबद्दल त्यानं कुणालाही इशारा दिला नाही आणि दोर त्यानंच बांधला होता. लिहून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "समदं लिवलं न्हवं, पेशकारसाब?"

मी म्हणालो, "लिहिलं."

त्यानं अंगठा दिला. नखं गेलेली बोटं चिंधीनं बांधलेली होती, अंगठा तेवढा उघडा होता.

त्याला एक वर्षाची कैद झाली. सुटल्यावर तळ्यावरच्या खोलीतली आपली घोंगडी न्यायला तो आला, तेव्हा कचेरीच्या रस्त्यावर गाठ पडली. तोवर त्याला कुणी तरी तो कागद वाचून दाखवला असणार. मी उभा राहिलो. शिवी दिली असती, अंगावर थुंकला असता, तर मी ते घेतलं असतं. तो "रामराम" म्हणाला आणि उन्हातून चालू लागला. तीच आमची शेवटची भेट. तालुकदारसाहेबांची बदली झाली, क्लब मोडला, होड्या काठावर उन्हानं तडकून गेल्या. मला बढती मिळाली. आबासाहेब सन्मानानं वारले, त्यांच्या शोकसभेत मीही बोललो. आणि तळ्याकाठच्या गावात आजही म्हातारी माणसं सांगतात, भोयाच्या हलगर्जीनं मालकाचा भाचा बुडाला. म्हणणाऱ्यांचा दोष नाही. तसा कागद आहे.

बातमी कळल्यावर आठवड्यानं मी त्याच्या गावी गेलो. गाव उमापूरच्या पलीकडे, नदीला लागून. दारात त्याची बायको डाळ पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. "कागद लिवणारे तुमीच का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन होईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "त्येनला म्या लई येळा इचारलं, कावून गप बसताव? जावा की बीडला, अर्जी करा. तर म्हनायचे, अर्जी बी कुनी तरी लिवनारच की."

जेलातून आल्यावर त्यानं पुन्हा होडीला हात लावला नाही, असं ती म्हणाली. आपली तर पुतण्याच्या हवाली केली. पण रोज सकाळी तो घाटावर जाऊन बसायचा. तर सुटण्याआधी वारा कसा आहे ते पुतण्यानं मोठ्यानं सांगायचं, तरीतल्या माणसांनी ते ऐकायचं, आणि काठावर जो कुणी उभा असेल त्यानंही ऐकल्याचं तोंडानं म्हणायचं. काठावर कुणीच नसलं तर कुणी येईपर्यंत तर थांबायची. लोक खोळंबायचे, कुरकुरायचे, म्हातारा चळला म्हणायचे. तो ऐकायचा नाही.

निघताना मी घाटावरून गेलो. तर भरली होती, दोन बायका, एक शेळी, गुळाच्या ढेपा. पुतण्या चाळिशीचा, काकासारखाच रुंद खांद्यांचा. त्यानं बांबू रोवला, आभाळाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वारा वरल्या अंगाचा हाय. मधी जोर धरंल. कुनी उटून उभं ऱ्हाऊ नगा." तरीतली माणसं सवयीनं हो म्हणाली. मग त्यानं काठाकडे पाहिलं. तिथं मी एकटाच होतो.

"बाबा, तुमी ऐकलं न्हवं?"

तो बांबूवर हात ठेवून थांबला. बायका माझ्याकडे बघू लागल्या. शेळी ओरडली...

"ऐकलं," मी म्हणालो.

त्यानं बांबू उपसला, आणि तर निघाली.