आहेराची टोपी

अन्याय माझ्या थोरल्या भावावर झाला. सन २००४, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, औरंगाबादेतल्या एका केसांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर. आत नेऊन सुया टोचल्या त्या नंतर. मी शेजारीच बसलो होतो, आणि करणाऱ्यांत मीही होतो.

दादा आष्टीत आपल्या दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचा, आतली तार नव्यानं गुंडाळून द्यायचा. सव्विसाव्या वर्षीच त्याचं कपाळ वर सरकलं होतं, मधोमध दोन चट्टेही पडले होते. वाटूरची मुलगी पसंत होती, पण दादाला त्यांनी टोपीतच बघितलं होतं. कुंकवाचा, म्हणजे साखरपुड्याचा, कार्यक्रम येत्या तुळशीच्या लग्नानंतर करायचा ठरला. आमच्याकडं कुंकवाला टोपी-टॉवेलाचा आहेर असतो. मुलीचा मामा नवऱ्या मुलाची जुनी टोपी उतरवून नवी घालतो, सगळ्या भावकीसमोर. दादाला धास्ती होती ती त्या अर्ध्या मिनिटाची.

आमच्या न्हाव्यानं दादाला आधीच सांगितलं होतं. बोटानं चट्टा दाबत म्हणाला, "हे टक्कल न्हाई, बाबा. कातडी मेणावानी झालीय, कडंनं लाल हाय. आग होती का?"

"व्हती की. खाज बी सुटती."

"मंग जल्दी चामड्याच्या डॉक्टरकडं जाय. पेटलेल्या रानात कुणी पेरतंय व्हय?"

घरी सांगितलं तर माय उसळली. "त्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी बघितलं तर कोड हाय म्हणून गावभर करतील. तुझ्यामागं बहीण द्यायचीय अजून!"

टकलाला लोक हसतात. चामडीच्या रोगाला सोयरीक मोडतात. म्हणून आम्ही हसण्याचा दवाखाना निवडला. गावात पत्रकं लिहिणारा मी, फॉर्म भरायला सोबत मलाच धाडलं.

बाकावर समोर एक धोतरवाले गृहस्थ होते. "कुठले म्हणायचं पाव्हणे?"

"आष्टी."

"आस्सं! आम्ही वाटूरचे."

दादाचा चेहरा उतरला. तेवढ्यात टेबलामागच्या बाईनं तिथूनच मोठ्यानं विचारलं, "डोक्याला काही रोग? खाज, आग, खपल्या?"

सगळा बाक आमच्याकडं बघायला लागला. दादानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई." आणि फॉर्मवर तसंच लिहिलं.

डॉक्टरांनी दादाच्या डोक्याला बोटसुद्धा लावलं नाही. कागद बघितला, ट्यूबलाइटखाली लांबूनच डोकं बघितलं, झालं. मागच्या दाट केसांची एक पट्टी कापून काढली, टाके घातले, आणि त्यातले केस सुईनं भोकं पाडून पुढं लावत बसले. बधिर डोक्यानं दादा मला म्हणाला, "रोपं तर लावून राह्यलेत. पाणी कव्हा सोडणार, इचार की." तो मोकळेपणानं हसला असा तेवढाच.

महिन्याभरात लावलेले केस गळाले. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, गळतातच, परत येतात. आले नाहीत. आली ती आग. रात्रंदिवस निखारा ठेवल्यासारखी. दसऱ्यापर्यंत पुढचा भाग साफ गुळगुळीत झाला, आणि मागं टाक्यांच्या कडेनं नवे चट्टे उठले. चांगले होते ते केसही गेले.

आम्ही भांडायला गेलो. डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. "तुम्हीच लिहून दिलंय."

अक्षर माझंच होतं. गावानं कौतुक केलेलं वळणदार अक्षर.

तिथून, उशिरा, चामड्याच्या डॉक्टरकडं गेलो. त्या डॉक्टरबाईंनी आधी दार लावलं. भिंगातून बघितलं, तपासायला कातडीचा बारीक तुकडा घेतला. अहवाल आल्यावर म्हणाल्या, "रोग जागा होता. त्याच्यावर सुई लावायलाच नको होती. मेलेली मुळं परत येत नाहीत. उरलेलं वाचतंय का बघू."

दादा म्हणाला, "न्हावी बराबर बोलला व्हता म्हणा की."

वाटूरला कुंकवाच्या दिवशी मामा नवी टोपी घेऊन उभे राहिले. दादानं जुनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. "काढा की पाव्हणे," कुणीतरी ओरडलं, "टोपीखाली गुप्तधन पुरलंय का?" मांडव हसला. दादानं टोपी काढली. मग कुणीच हसलं नाही. मामांनी नवी टोपी घातली खरी, पण डोक्याला बोट लागू न देता.

चौथ्या दिवशी निरोप आला, मुलगी पुढं शिकायचं म्हणती.

त्या मांडवात मी बाकावरच्या धोतरवाल्या गृहस्थांना शोधलं होतं. दिसले नाहीत. वर्णन सांगून विचारलं, तर मुलीकडच्यांपैकी त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. ज्याच्या भीतीनं मी 'न्हाई' म्हणालो, त्याचा आमच्या सोयरिकीशी काही संबंधच नव्हता.

दादा आजही दुकानात ती आहेराची टोपी घालून बसतो. दुसरी घे म्हटलं तर म्हणतो, "ऱ्हाऊ दे. पुऱ्या लग्नातलं एवढंच हाती आलं."

आता तुम्हाला सांगतो. डोक्यात आग असेल, खपल्या असतील, चट्टा गुळगुळीत झाला असेल, तर केस लावायच्या आधी चामड्याच्या डॉक्टरसमोर टोपी काढा. बोट लावून बघा म्हणा. आणि बाकावर, चारचौघांत कुणी रोग विचारला, तर माझ्यासारखं 'न्हाई' म्हणू नका. आधी दार लावा म्हणा. मग खरं सांगा.