फोटोत काय आहे, ते मोबाईल सांगत नाही

मला दिसत नाही. मोबाईल मेसेज वाचून दाखवतो, त्यावर माझं चालतं.

आज सकाळी ऊसतोडीला गेलेल्या भावानं घरच्या ग्रुपवर काहीतरी टाकलं. मोबाईल म्हणाला, "फोटो." बस्स, एवढंच! खाली नातेवाइकांचे मेसेज वाचायला लागला, "रडणारा चेहरा, रडणारा चेहरा, जोडलेले हात." भावाला फोन लावला तर बंद.

तशीच शेजारच्या काकूंकडे गेले. फोटो बघून त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "बैल पडलाय गं त्याचा. मानसं समदी बरी हायेत."

मग गप्प का झाल्या? अजून भावाचा फोन बंदच आहे.

फोटोत काय आहे ते मराठीत सांगणारं ॲप कुणी वापरतं का? काकू मला जपतात. मोबाईल जपणार नाही, दिसेल ते सांगेल.