वरच्या मजल्याचा रेडिएटर

आमच्या शेजारचे काका कुणाच्याही घरी गेले की कोट काढत नसत. बूट दारात ठेवायचे आणि तडक खिडकीखालच्या, खोली गरम करणाऱ्या रेडिएटरकडे जायचं. लहान पोराचा ताप बघावा तसा पालथा हात त्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "येतंय, येतंय." मग कोट, मग "कशी आहेस गं?", मग चहा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, घरातल्या माणसांआधी घरातल्या वस्तूंची चौकशी करणारं. मला सुरुवातीला रागच यायचा. अहो, दार मी उघडलं, मला आधी हॅलो तरी म्हणा!

थंडीत बर्फ पडणाऱ्या एडिसन गावातली आमची गल्ली जुन्या घरांची. तळघरात पाणी तापवणारा बॉयलर, तिथून निघणारे दंडाएवढे जाड पाइप आणि खोलीखोलीत लोखंडी रेडिएटर. बहुतेकांनी कधीच पंप बसवून घेतले होते. काकांच्या घरात पंप नव्हता. गरम पाणी हलकं, ते आपलं आपण वर चढायचं. गार झालं की जड होऊन खाली उतरायचं. काकांनी सगळी नोकरी कारखान्यांच्या पाइपलाइनी सांभाळण्यात घालवली आणि रिटायर झाल्यावर या बिनपंपाच्या घराचं कौतुक करत बसले.

"आवाज ऐक," म्हणायचे. मी कान द्यायची. काही ऐकू येत नसे.

"तेच तर!" काका खूश.

पंचाईत झाली ती काकूंना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा. डावी बाजू गेली, जिने बंद झाले. खालच्या डायनिंग रूममध्ये त्यांचा पलंग टाकला. ती खोली उत्तरेची, बॉयलरपासून सगळ्यात लांब. पाण्याची सगळी धाव वरच्या मजल्याकडे. वर बनियनवर बसावं आणि खाली काकूंचा रेडिएटर जेमतेम कोमट. इलेक्ट्रिक हीटर लावून पाहिला, तर जुन्या वायरिंगचा फ्यूज उडाला.

काकांनी त्यावर तोड काढली. दोन गोधड्या. एक वरच्या रेडिएटरवर तापत ठेवायची, दुसरी काकूंच्या अंगावर. अंगावरची निवली की बदलायची. चौदा पायऱ्या वर, चौदा खाली, दिवसभर. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर!

"काका, पंप बसवा ना!" मी एकदा चिडून म्हटलं. "जिन्यात पडलात तर दोघांना कोण बघणार?"

"पंप म्हणजे बंद पडणारी वस्तू," काका म्हणाले. "चाळीस वर्षं मी हेच रिपेअर केलंय."

पण डिसेंबरात एका सकाळी काकूंच्या हातून चहाचा कप सुटला. बोटं गारठून आखडली होती, तीसुद्धा चांगल्या हाताची. काका कोट न घालताच आमच्या दारात आले. रेडिएटरकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमचा पंप बसवला त्या प्लंबरला फोन कर," एवढंच म्हणाले.

प्लंबरने एका दिवसात पंप जोडला. अर्ध्या तासात काकूंचा रेडिएटर चटका बसेल इतका तापला. काकू म्हणाल्या, "अहो, स्वेटर काढा बाई माझा!" काका खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, संपलं. सगळं छान झालं.

जानेवारीत एक दिवस काकूंची शाल आणायला मी वर गेले. काका खाली कॉफी करत होते. त्यांच्या खोलीत पाय ठेवला आणि शहारलेच. पलंगावर दोन्ही गोधड्या, जाड कोट, उशीवर माकडटोपी. मी रेडिएटरला हात लावला. बर्फ!

"काका, हे काय?" मी जिन्यातून ओरडले. मी नागपूरची, माझा आवाज मुळातच मोठा.

काका लगबगीने वर आले. "हळू बोल. तिला ऐकू जाईल." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. वरच्या प्रत्येक रेडिएटरच्या तोंडाशी एक पत्र्याची चकती असते, मधे छोटं भोक. वर फार पाणी जाऊ नये म्हणून घर बांधणाऱ्याने घातलेली. पूर्वी पाणी आपणच वर धावायचं, तेव्हा ती हवीच होती. आता पंपाने ढकललेलं पाणी ते बारीक भोक टाळून सोपी वाट धरतं, खालची.

"मग काढून टाका ना चकत्या!"

"प्लंबर म्हणत होता. मी नको म्हटलं." काका हळूच म्हणाले, "वरची वाट मोकळी केली तर तिचं पाणी कमी होईल. मला काय, मी चालता-फिरता माणूस. तिला मात्र सांगू नकोस. लगेच म्हणेल, माझं बंद करा."

बाप्पा, काय हा माणूस! मी काकूंना सांगितलं नाही, प्लंबरलाही विचारलं नाही. इंजिनिअर माणूस, हिशोब करूनच सांगत असतील असं वाटलं. त्या गप्प बसण्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

फेब्रुवारीत काका गेले. भाजी घेऊन आले, खुर्चीत बसले आणि मान टाकली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. थंडीचा संबंध नाही, हेही म्हणाले, कारण मी विचारलं होतं.

काकूंजवळ राहायला त्यांची मुलगी दूरच्या बेलव्ह्यूहून आली. वरच्या गारठलेल्या खोलीत तिला झोपवेना, म्हणून मी पुन्हा त्याच प्लंबरला बोलावलं. त्याने ती चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी विचारलं, "आता खाली कमी पडेल का?"

"कशाला?" तो म्हणाला. "पंप भरपूर मोठा आहे. पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे पुरला असता."

खाली काकूंनी हातात काय आहे विचारलं, तेव्हा सगळं सांगावं लागलं. चकती हातात असताना मला खोटं बोलता येईना. काकू तिच्या भोकावरून बोट फिरवत राहिल्या.

"रोज सकाळी माझ्या कपाळावर हात ठेवायचे," त्या म्हणाल्या. "गारठलेला असायचा. विचारलं की म्हणायचे, आत्ताच भांडी विसळली."

मला रडू आवरेना. मी पळत वर गेले. प्लंबरने रेडिएटरची चावी फिरवली होती, अडकलेली हवा सूं करत बाहेर पडत होती. मी पालथा हात लोखंडावर ठेवला आणि डोळे मिटले. खालून काकूंनी हाक मारली, "आलं का गं त्यांच्या खोलीत?"

"येतंय, काकू," मी म्हटलं. "येतंय."