वैशाखऱ्याच्या पुढे

"सुई नाय देत. गोळी पन नाय. निस्तं बसायचं आन् सांगायचं."

बॉनेटवर दोन थापा मारून तो हे सांगायचा, आणि तेही ज्या आवाजात "सरळगाव, टोकावडे, वैशाखरे" ओरडून सीट भरायचा त्याच आवाजात. दोन हजार सालाच्या आसपास तुमच्यापैकी कुणी मुरबाडला जीप पकडली असेल, तर हा आवाज तुम्ही ऐकला असणार. माणूस काटकुळा, गळ्यात मफलर, तोही भर उन्हाळ्यात. वाडी डोंगराच्या कुशीत. त्यांच्या वाडीत देवालाही 'तू' म्हणतात आणि तहसीलदारालाही, त्यामुळे मीही 'तू'च होतो. पुढे 'शेट' लावायचा, तेवढाच काय तो मान.

माझं मेडिकलचं दुकान जीप-स्टँडच्या समोर. दुकानावर एक खोली होती. ती मी शहापूरला राहणाऱ्या एका बाईंना रविवारपुरती भाड्याने दिली. बाई मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करायच्या. मी खोली दिली ती साध्या व्यापारी बुद्धीने, की वर डॉक्टर बसला म्हणजे खाली औषध खपतं. पुढे कळलं, बाई चिठ्ठी लिहीतच नाहीत. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा नाही! असला दवाखाना मी जन्मात पाहिला नव्हता. बरं, येणारंही कोणी नाही. लोक पाटी वाचायचे, वर बघायचे आणि चालू लागायचे. तो जिना चढणं म्हणजे आपल्याला वेड लागल्याची आपणच दवंडी पिटणं.

तो जिना राजरोस चढणारा पहिला माणूस हाच.

त्याला काय झालं होतं ते साऱ्या स्टँडला ठाऊक होतं. आदल्या पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळली ती त्याच्या पुढच्या जीपवर. जीप नामाची. नामा त्याचा जोडीदार, एकाच वाडीचा. त्यानेच याला गाडी शिकवलेली. मागची माणसं वाचली, नामा गेला. तेव्हापासून हा वैशाखऱ्यापर्यंत जायचा आणि तिथे जीप रिकामी करायचा. वैशाखऱ्याच्या पुढे रस्ता चढायला लागला की त्याचे हात स्टेअरिंगवर आखडायचे, मफलर घामाने भिजायचा, पाय ब्रेकवरून उठायचा नाही. एकदा नेट लावून पुढे गेला, तर उतारूंनाच त्याला बाजूला बसवून जीप माघारी आणावी लागली.

स्टँडवर थट्टा व्हायची. तीही त्याने हसण्यावारी नेली असती. पण त्याची एकुलती एक लेक घाटावर दिलेली, आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पोरीला आणायला बापाने जायचं, अशी त्यांच्याकडची रीत. तेही सातवा महिना संपायच्या आत. आठवा लागला की पोरीला हलवत नाहीत. बायको म्हणाली, माझ्या भावाला पाठवू. जावई म्हणाला, मी बसने आणून सोडतो. हा कुणाचं ऐकेना.

"लेक माझी, जीप माझी. मीच आनीन."

भगत करून झाला होता. त्याने तांदूळ पाहून सांगितलं, दरड पडली त्या वळणावर कोंबडं द्या. पण वळणावर जाणार कोण? शेवटी मेव्हण्याच्या हाती कोंबडं धाडलं. गुण आला नाही. तरी भगताला त्याने कधी नावं ठेवली नाहीत. "भगत खोटा नाय, शेट. इलाज मी घेतलाच नाय, मेवन्यानं घेतला. मेवना आता घाटात झोपा काढत गाडी चालवतो."

पहिल्या रविवारी तो आला तो वऱ्हाड घेऊन. बायको, मेव्हणा, मेव्हण्याची बायको आणि वाडीतली एक म्हातारी. आमच्या भागात डॉक्टरकडे एकटं जाणं म्हणजे मागे कुणी रडायला नसल्यासारखं. बाईंनी गोड बोलून सगळ्यांना खाली पाठवलं, आणि ते सगळं वऱ्हाड माझ्या पायरीवर येऊन बसलं. गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही. म्हातारी पुन्हा पुन्हा मला विचारी, "शेट, वरडत कसा नाय रे तो?"

तासाभराने तो खाली उतरला, तोंड वाकडं करून. "शिकाऊ हाय," एवढंच बोलला.

झालं होतं ते असं. बाईंनी विचारलं, काय त्रास होतो? हा गप्प. भगताकडे जाणाऱ्याने आपलं दुखणं आपण सांगायचं नसतं. भगताने तांदूळ बघायचे आणि त्याने सांगायचं. त्यावरूनच कळतं तो किती पाण्यात आहे ते. आपणच सांगून टाकलं तर त्याची परीक्षा कशी व्हायची? म्हणून हा ओठ मिटून बाईंकडे बघत बसला. आणि बाईंचं शास्त्र असं, की माणूस आपणहून बोलेपर्यंत घाई करायची नाही. म्हणून त्याही बसल्या. दोघेही चिवट. वेळ संपली तशा बाई म्हणाल्या, "आज आपण इथे थांबू."

"थांबू काय? गाडी सुटलीच कुठं?" हा म्हणाला.

मी काउंटरवर डोकं टेकून हसलो. मला वाटलं, संपला विषय. पण पुढच्या रविवारी हा पुन्हा हजर, आणि एकटा. म्हटलं, "का रे? शिकाऊ ना ती?"

"मी पन शिकाऊच होतो की. नामानं क्लच शिकवला तवा माझी गाडी पन हालत नव्हती."

त्या दिवशी बाईंनी डोकं लढवलं. म्हणाल्या, तुमचं राहू द्या, भगताकडे गेलं की काय काय होतं ते तरी सांगा. मग काय, हा सुटलाच. सगळं ऐकून घेऊन बाई म्हणाल्या, "माझ्याकडे तांदूळ नाहीत. तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार." हे त्याला एकदम पटलं. जिना उतरता उतरता मला ओरडून म्हणाला, "भगत बघून सांगतो. ही ऐकून इचारते. आधी सांगायचं ना!"

असं हळूहळू त्याचं रविवारचं बस्तान बसलं. भांडणं मात्र नेहमीची. सगळ्यात मोठं भांडण घड्याळाशी. जीप भरली की सुटते; बाईंची गाडी भरो न भरो, वेळ झाली की सुटायची. "आत्ता कुठं गळ्याशी आलं होतं, आन् ती म्हनते बाकी पुढल्या रविवारी." कधी म्हणायचा, "घाटाचं इचारायचं सोडून माझ्या बापाचं काय इचारते? बाप माझा बैलगाडी हाकायचा." त्याने बाईंना सरळच विचारलं, गुण येईल याची खात्री देतेस का? बाई म्हणाल्या, नाही देत. वाटलं, आता हा उठून जाणार. तर उलट खूश. "बरोबर हाय. मी पन कुनाला घाटाची खात्री देत नाय. देतो तो गाडीवाला नव्हं."

मध्ये काही आठवडे तर तो आणखीच बिघडला. झोप गेली. डोळे लाल. खाली येऊन जीपमध्ये बसायचा आणि चावी न फिरवता तसाच बसून राहायचा. मला बाईंचा भयंकर राग आला. म्हटलं, "सोड ते थेर. रोग वाढवणारं औषध कुणी सांगितलंय?"

"काटा काढताना दुखतंच, शेट," तो म्हणाला. "म्हनून काय पाय सोडून द्यायचा?"

आत बोललेलं बाहेर जाणार नाही, असा बाईंनी त्याला शब्द दिला होता. त्याचा अर्थ त्याने आपल्यापुरता लावला. "ते तिला हाय. मला नाय." आणि स्टँडवर प्रवचनं सुरू झाली. सुई नाही, गोळी नाही. कपडे काढायला लावत नाही. रडलात तर पाठ थोपटत नाही, थांबते. दोन-तीन रविवारांत काय होतंय, धीर धरा. लोक हसायचे, पण ऐकायचे. एकदा मात्र त्याने घोळ घातला. एक मास्तर इकडे तिकडे बघत जिन्याकडे वळले, तर हा भर रस्त्यातून ओरडला, "जा मास्तर वर, बिनधास! चांगली हाय ती!" मास्तर जे तोंड लपवून पळाले! मी त्याला फैलावर घेतलं. सगळेच तुझ्यासारखे निलाजरे नसतात म्हटलं. तो खजील झाला. पुढच्या रविवारपासून त्याने जीप जिन्याच्या तोंडाशी अशी आडवी लावायला सुरुवात केली, की कोण चढतंय ते रस्त्यावरून दिसू नये. त्यात त्याची एक-दोन खेपांची सीटं जायची. मास्तर परत आले. मग एक सूनबाई आली, तिच्यामागून तिची सासूही. मला हा माणूस मनापासून आवडायला लागला तो तेव्हापासून.

म्हसा गावच्या जत्रेचे दिवस आले. जीपवाल्यांची ती खरी सुगी. टपावर, बॉनेटवर माणसं. त्या रविवारी याने जीप बंद ठेवली आणि जिना चढला. खाली आला तेव्हा कुणाशी बोलला नाही, मफलर तोंडावर ओढून घरी गेला. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याने न सांगितलेली ती एवढीच गोष्ट.

त्यानंतर बाईंनी त्याला काम लावलं. वैशाखऱ्याला जीप रिकामी झाली की एकट्याने थोडं पुढे जायचं आणि परतायचं. हात आखडले तर पळायचं नाही, ढिले होईपर्यंत तिथेच बसायचं. त्याने त्याचं गणित केलं, रोज एक झाड पुढे. आंबा झाला, ऐन झाला, मोह झाला. वैशाखऱ्याचे टपरीवाले रोज विचारायचे, "काय, आज कुठलं झाड?" हा न लाजता सांगायचा. कधी पुढचं झाड जमायचं नाही, मग कालच्याच झाडाखाली बसून यायचा. असं करत करत त्या वळणाच्या अलीकडे पोचला. वळण काही होईना. आणि सातवा सरत आला.

एका संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाला, "शेट, उद्या दुकान बंद ठेव. पोरीला आनाय जायाचंय. बाई म्हनली, एकटा जाऊ नको."

"बायकोला ने की."

"ती रडल. मेवना झोपल. तू भांडशील. तू बरा."

सकाळी निघालो. वैशाखरे गेलं, आंबा गेला, मोह गेला. वळणाच्या अलीकडे त्याने जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगला चिकटलेले, बोटं पांढरी. माझ्या मनात आलं, आता याला परत कोण नेणार? मला तर सायकलही धड येत नाही.

"शेट," तो समोर बघत म्हणाला, "त्या दिशी नंबर माझा होता."

स्टँडवर ज्याचा नंबर तो आधी सुटतो. त्या दिवशी घाटमाथ्यावरून परतताना नंबर याचा होता. नामा म्हणाला, पोराला ताप आहे, मला आधी जाऊ दे. याने आपली माणसं त्याच्या जीपमध्ये बसवून दिली आणि मागून निघाला. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. नामाच्या बायकोला नाही. भगताच्या तांदळातही ते दिसलं नव्हतं. बाईंना सांगितलं, जत्रेच्या रविवारी.

"अरे, यात तुझा काय दोष?" मी म्हणालो.

"तसं नको म्हनू. समदी तेच म्हनतील, म्हनून तर बोललो नाय. बाई तसं नाय म्हनली. ती म्हनली, नंबर तुमी दिलात हे खरं. दरड तुमी पाडली नाय हे पन खरं. दोनी घेऊन गाडी चालवता येते का बघा."

बोटं ढिली होईपर्यंत तो बसून राहिला. मग मफलरला हात पुसले, चावी फिरवली आणि पहिला गिअर टाकला. चालत्या माणसाच्या वेगाने आम्ही ते वळण घेतलं. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा नुसता कल्लोळ. त्याचे दात आवळलेले, तोंड राखेसारखं. पलीकडे गेल्यावर त्याने दुसरा गिअर टाकला.

व्याह्यांकडे जेवण झालं, सासूने सुनेची ओटी भरली. लेक पुढे बापाशेजारी बसली, मी मागे तिचं गाठोडं सांभाळत. पोर बडबडी, वाटभर बोलत होती. वळण जवळ आलं तशी माझी नजर त्याच्या हातांवर गेली. बोटं पुन्हा पांढरी झाली होती. गाडी हळू झाली.

"बाबा, थांबव. मळमळतंय."

"थोडी कळ काढ गो. वळन गेलं की थांबवतो."

"नाय बाबा. आत्ताच."

त्याने थांबवली. नेमकी तिथेच, त्या कड्याखाली. लेक उतरून कठड्याशी वाकली. तो धावत गेला, एक हात तिच्या कपाळाला, एक पाठीवर. मी खाली उतरलो आणि वर पाहिलं. डोंगर जिथे तुटला होता तिथे अजून पांढराफटक दिसत होता, आणि त्याच्या वर एक धोंडा, मला तर वाटलं, नुसता लटकतोय. "चल रे लवकर, चल," मी म्हणत होतो. त्याची कड्याकडे पाठ होती. पोरीला आणखी एक उलटी आली.

"येऊ दे गो, समदी येऊ दे," तो तिची पाठ चोळत म्हणत होता. "घाई नाय आपल्याला."

मग मान वळवून माझ्यावर खेकसला, "शेट, वर काय बघतोस? पोरीचा पदर धर!"

मी जाऊन पदर धरला.